पंचांग पोहोचेपर्यंत

कापसाच्या दलालाची जुनी चोपडी
बांधणी सुटली म्हणून माझ्याकडे आली.
मी फैजपूरचा बाइंडर,
खळ, दोरा, दाभण, एवढीच माझी विद्या.
पुठ्ठा भिजत घातला. थर सुटू लागले.
चौथ्या थरातून निघाला एक कागद,
बोरूने आखलेली कोष्टके,
तिथी, वार, नक्षत्र, घटिका, पळे,
आणि तळाशी मोडीत दोन ओळी.

मोडी मला येत नाही. वाचून दिली सुपडू चौधरींनी,
भूमी अभिलेखात ज्यांचे डोळे गेले.
कागद खिडकीशी धरून म्हणाले, लिही:
'उज्जयिनीस आठ वर्षे राहून शिकलो त्याप्रमाणे.
मूळ पंचांग पोहोचेपर्यंत हे तात्पुरते धरावे.
दाजीभट, मुक्काम सावदे.'

एवढाच माणूस. पुढे ना मागे.
बाकीचा मी खळ शिजवताना जुळवला.

असीरगडाच्या पायथ्याने गेला असेल,
नर्मदेत पाय भिजवून पलीकडे,
कुणाच्या तरी ओसरीवर
पाटीवरल्या धुळीत अंक काढून पुसले असतील.
परतला तेव्हा आईने आधी
त्याची बोटे पाहिली असतील, मग तोंड.

त्या साली पुण्याचे पंचांग आलेच नाही.
कन्नडच्या घाटात पेंढारी,
की जासूदच पळाला, कोण सांगणार.
पाडवा तोंडावर, लग्ने खोळंबलेली.
कुणी तरी दारात येऊन बसला असेल:
'भटजी, आमाले तिथ पाह्यजे. कोठूनबी आना.'

मग त्याने अंगणात शंकू रोवला,
बारा अंगुळांचा, बाभळीचा,
आणि विषुवदिनी माध्यान्ही सावली मोजली.
हा आकडा कागदावर आहे, हा माझा नव्हे:
चार अंगुळे, अडतीस व्यंगुळे.
शेजारी बारीक अक्षरात उज्जयिनीची:
पाच अंगुळे, आठ व्यंगुळे.

सुपडू नानांनी वजाबाकी केली.
अर्धे अंगूळ.
आठ वर्षांत गुरूने न दिलेले,
देऊच न शकलेले अर्धे अंगूळ,
सावद्याच्या शेणसड्यावर पडून होते.

माझी भाची जपानी शिकते.
ती म्हणाली, मामा, ऱ्युक्यू नावाची बेटे आहेत,
तिथलाही एक जण समुद्र ओलांडून
चीनला गेला होता, हेच शिकायला.
पुढे बेटावरचे लोक आपले पंचांग छापू लागले,
कारण बादशहाचे गलबतातून यायला उशीर होई.
त्यावरही लिहीत, खरे येईपर्यंत हे चालवा.
'किती दिवस चालवलं?'
'दोनशे वर्षं.'
मी हसलो. मग हातातली सुई
बराच वेळ ओवली गेली नाही.

कागदाच्या समासात आणखी एक ओळ आहे,
शाई वेगळी, हात तोच.
भाद्रपदातल्या ग्रहणासमोर:
'स्पर्श पाऊण घटिका उशिरा. चूक माझी.'
रात्रभर पाण्यात उभ्या गावाने
त्याला काय म्हटले, ते नाही.
पुण्याचे आले का, तेही नाही.

दलाल म्हणाला, आतली रद्दी फेका,
मला फक्त चोपडी धड पाहिजे.
रद्दी मी नानांना दिली.

यंदा एकवीस मार्चला
दुकानासमोर केळीचे दोन ट्रक उभे,
त्यांच्या मधल्या फटीत, उन्हात,
माझ्या बोटांनी बारा मोजून काठी रोवली.
पोरगा खडूने खुणा करत राहिला.
सावली आखडत आखडत थांबली, परत लांबू लागली.
सगळ्यांत आखूड खूण
साडेचार बोटे, आणि वर थोडे.

'लिही,' म्हटले.
'कशावर?'
चोपडीचा नवा पुठ्ठा उघडाच पडला होता.
त्याच्या आतल्या बाजूला त्याने लिहिले,
गाव, दिवस, बोटे.
खाली मीच सांगून लिहवले,
तात्पुरते.

मग वरून खळ लावली
आणि अस्तराचा कागद दाबून बसवला.